मध्ये समुद्र असला तर तो देश शेजारी म्हणायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीतल्या मुलीने चाचणीत ‘भारताच्या शेजारी देशांची नावे लिहा’ या प्रश्नाखाली इतर नावांबरोबर श्रीलंका आणि मालदीव लिहिलं. बाईंनी त्या दोन नावांवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मध्ये समुद्र आहे, सीमा लागत नाही.’ मुलगी घरी येऊन रडली. तिची आई विचारते आहे, बरोबर कोण?

ताई, तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर आहे. दोन्ही नावं बरोबर आहेत. बाईंचं वाक्य अर्धं खरं आहे. मध्ये समुद्र आहे हे खरं, पण सीमा लागत नाही हे खरं नाही. सीमा लागते. ती पाण्यात आहे, तिचे करार झालेले आहेत, आणि ती कुठून कुठे जाते ते अक्षांश-रेखांशांसकट लिहिलेलं आहे.

मी २८ वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची दहा कप्तान म्हणून. आता वास्कोत असतो आणि जहाजावर जाणाऱ्या मुलांना चार्टवरचं काम शिकवतो. चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पोटापाण्याचाच आहे, आणि एका मुलीचे गुण यावरून गेले हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेजारी कोण हे ठरवायला आपल्या शेतकऱ्याला पुस्तक उघडावं लागत नाही. ज्याच्या बांधाला आपला बांध लागतो तो शेजारी. त्याच्याशी पटतं की नाही हा पुढचा भाग. बांध नेमका कुठून जातो, बांधावरचा माड कोणाचा, पाणी कोणी कधी सोडायचं, हे ज्याच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं तो शेजारी. देशांनाही मी हीच कसोटी लावतो, आणि समुद्राचा कायदाही शेवटी हेच विचारतो. या दोघांच्या हद्दी एकमेकींना भिडतात का? भिडत असतील तर मध्ये रेघ आखावी लागेल. रेघ आखायची वेळ आली की शेजार आलाच.

आता समुद्रात हद्द कुठवर जाते ते बघू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी हे देशाचंच असतं. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, तेव्हा हे अंतर साधारण २२ किलोमीटर झालं. याला प्रादेशिक समुद्र म्हणतात. परक्या जहाजाला त्यातून सरळ निघून जायची मुभा आहे, पण सत्ता किनाऱ्यावरच्या देशाची, जशी जमिनीवर तशीच. त्यापुढे २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथली मासळी, तळाखालचं तेल आणि वायू यांवर त्या देशाचा हक्क. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात हे लिहिलेलं आहे. भारताने तो १९९५ मध्ये मान्य केला, पण आपला स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा, १९७६ चा आहे.

आणि त्या आंतरराष्ट्रीय करारात एक शब्दयोजना आहे, ती या वादात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन देशांमधली सागरी सीमा ठरवण्याची कलमं जिथे आहेत, तिथे ‘समोरासमोरचे किंवा लगतचे किनारे असलेले देश’ असे शब्द एका दमात येतात. लगतचे म्हणजे भारत आणि पाकिस्तान, ज्यांची जमीन जोडलेली आहे आणि किनारा पुढे चालू राहतो. समोरासमोरचे म्हणजे भारत आणि श्रीलंका. कायद्याने दोघांना एकाच वाक्यात बसवलं. एक खरा शेजारी आणि दुसरा मानलेला, असा भेद त्यात कुठेच नाही.

वर्गात पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एक गोष्ट करायला लावतो. अरबी समुद्राचा मोठा चार्ट टेबलावर पसरतो. डिव्हायडर घ्यायचा आणि चार्टच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर, म्हणजे अक्षांशांच्या पट्टीवर, २०० मैल मोजून उघडायचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. वरच्या-खालच्या कडेवरच्या रेखांशांवर मोजायचं नाही, तिथे माप चुकतं. मग एक टोक मुरगावच्या टेकाडावर ठेवायचं आणि दुसरं पश्चिमेला फिरवायचं. ते साधारण ७० अंश २० मिनिटं पूर्व रेखांशाजवळ टेकतं. इथवर आपली मासळी.

मग विचारतो, याच अक्षांशावरून नाकासमोर पश्चिमेला जात राहिलं तर पहिली जमीन कोणती लागेल? बहुतेक मुलं ओमान म्हणतात, कारण कोणाचा ना कोणाचा मामा मस्कतला असतो. पण लागतो येमेन. किशन नावाचं गाव आहे त्या किनाऱ्यावर, आपल्याच अक्षांशावर. अंतर १,२७५ मैलांच्या आसपास. त्यातून आपले २०० वजा करा, त्यांचे २०० वजा करा. पावणेनऊशे मैल उरतात. तो खुला समुद्र. तिथे ना त्यांचा बांध, ना आपला. म्हणून येमेन आपला शेजारी नाही. याचं कारण मध्ये समुद्र आहे हे नाही, मध्ये कोणाचाच नसलेला समुद्र आहे हे आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सरळ होतं.

दोन किनारे ४०० मैलांपेक्षा जवळ असले की मधल्या पाण्यावर दोघांचेही हक्क एकमेकांवर चढतात आणि सीमा ठरवावीच लागते. हे लक्षात ठेवून तोच डिव्हायडर मिनिकॉयवर ठेवायचा. मिनिकॉय हे लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. तिथून मालदीवचं उत्तरेचं टोक सत्तर-एक मैल आहे, म्हणजे १३० किलोमीटर. कोची २०० मैलांहून जास्त. एवढंच कशाला, लक्षद्वीपची स्वतःची बाकीची बेटंसुद्धा मिनिकॉयपासून मालदीवपेक्षा लांब आहेत. तिथले लोक माहल बोलतात, ती मालदीवच्या धिवेही भाषेचीच बोली. त्या बेटावर उभं राहून ‘मालदीव आपला शेजारी नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघणार नाही.

श्रीलंकेचं तर आणखी जवळचं. धनुष्कोडी ते तलाइमन्नार सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे सोळा-एक मैल. दोन्ही देशांचे बारा-बारा मैल त्यात मावतच नाहीत. २०० मैलांची गोष्ट दूर राहिली, तिथे प्रादेशिक समुद्रच प्रादेशिक समुद्राला भिडतो. पाल्कच्या सामुद्रधुनीत रेघेच्या अलीकडचं पाणी भारत आहे आणि पलीकडचं श्रीलंका. मध्ये रिकामी जागा नाही. होडीतून जाणारा माणूस एका देशातून थेट दुसऱ्या देशात जातो, जसा पेट्रापोलला जमिनीवरून बांगलादेशात जातो तसाच. ही रेघ १९७४ मध्ये ठरली, कच्चाथीवू बेट तेव्हाच श्रीलंकेच्या बाजूला गेलं. मन्नारचं आखात आणि बंगालच्या उपसागरातली पुढची रेघ १९७६ मध्ये ठरली. त्याच वर्षी मालदीवशी करार झाला, आणि भारत, श्रीलंका, मालदीव या तिघांच्या हद्दी समुद्रात जिथे एकत्र येतात तो बिंदूही तिघांनी मिळून ठरवला. तीन घरांची कुंपणं एका कोपऱ्यात मिळावीत, तसा.

म्हणून बाईंच्या शेऱ्याला माझं उत्तर एवढंच आहे: ज्या दोन देशांवर काट मारली, त्या दोघांच्याही सीमा भारताच्या सीमेला लागतात, आणि तिन्ही सरकारांच्या त्यावर सह्या आहेत.

मग भारताचे एकूण शेजारी किती? जमिनीवरून सात: पाकिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार आणि अफगाणिस्तान. समुद्रातूनही सातच: पाकिस्तान, मालदीव, श्रीलंका, इंडोनेशिया, थायलंड, म्यानमार आणि बांगलादेश. तीन नावं दोन्हीकडे आहेत, म्हणून एकूण अकरा. ‘इंडोनेशिया? थायलंड?’ असं घरोघरी विचारलं जातं. कारण आपण भारत म्हटलं की कन्याकुमारीला थांबतो आणि निकोबार विसरतो.

निकोबारचं मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मुरगावला लोहखनिज भरून चीन-जपानकडे निघालेलं जहाज आधी दक्षिणेला जातं, कन्याकुमारी टाकून श्रीलंकेच्या डोंड्रा हेडला वळसा घालतं आणि पूर्वेला लागतं. रामसेतूच्या उथळ पाण्यातून मोठं जहाज जात नाही, त्यामुळे आपल्याच पूर्व किनाऱ्यावर जायचं तरी श्रीलंकेला प्रदक्षिणा घालावी लागते. मग तीनेक दिवस फक्त पाणी. त्यानंतर ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधली खाडी येते, आणि तिथून मलाक्का.

मी सेकंड मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा एक अधिकारी असताना माझा पहारा मध्यरात्री बारा ते चार असायचा. त्या खाडीत शिरताना डाव्या हाताला इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा झोत दिसे. तो आपला, देशाचा शेवटचा दिवा. थोड्या वेळाने तो मागे पडे. व्हीएचएफ रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनलवर तोवर शांतता असे, आणि मग इंडोनेशियन मच्छीमारांचं बोलणं सुरू होई. एकमेकांना हाका, हसणं, मध्येच कोणी गाणं म्हणे. आमचा एक खलाशी बाणावलीचा होता. एकदा तो कॉफी घेऊन वर आला आणि ते ऐकत उभा राहिला. म्हणाला, ‘कप्तान झोपलाय, भारत आत्ताच मागे गेला, आणि हे लोक लगेच बोलायला लागले.’ इंदिरा पॉइंटपासून सुमात्राच्या बाजूचं पहिलं बेट, रोंदो, सुमारे १६० किलोमीटरवर आहे. पणजी ते रत्नागिरीपेक्षाही कमी. इंदिरा पॉइंटपासून चेन्नई सोळाशे किलोमीटर. आता सांगा, त्या दिव्याजवळ राहणाऱ्याचा शेजारी कोण?

२६ डिसेंबर २००४ ला याचं फार दुःखद प्रत्यंतर आलं. भूकंप सुमात्राजवळ झाला, लाट काही मिनिटांत निकोबारवर आली, मग श्रीलंकेवर आणि तामिळनाडूवर, मग मालदीववर. ज्यांच्या हद्दी पाण्यात भिडलेल्या होत्या ते सगळे एकाच सकाळी बुडाले. आणि भारतीय नौदलाची जहाजं आपल्या किनाऱ्याबरोबरच श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला मदत घेऊन गेली.

मग शाळेत ‘सीमा म्हणजे जमीन’ हे इतकं घट्ट का बसलं? याचं कारण इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा थेट जुन्या गोव्यातून जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज म्हणत, हा सगळा समुद्र आमचा. इथून जाणाऱ्या जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा लागे. नसेल तर जहाज पकडत, माल जप्त करत. डचांना हे मान्य नव्हतं. १६०३ मध्ये त्यांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं एक मालाने भरलेलं जहाज पकडलं, आणि त्या कृत्याच्या समर्थनासाठी ह्यूगो ग्रोशियस या तरुण कायदेपंडिताला कामाला लावलं. त्याने १६०९ मध्ये मांडलं की समुद्र कोणाच्याच मालकीचा असू शकत नाही. हा विचार टिकला. किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी तेवढी देशाची, बाकी सगळा खुला, असा रिवाज पडला, आणि ती पट्टी पुष्कळ ठिकाणी तीन मैलांची धरली जाई.

तीन मैलांच्या जमान्यात बाईंचं वाक्य जवळपास बरोबर ठरलं असतं. सोळा मैलांच्या सामुद्रधुनीतून दोन्हीकडचे तीन-तीन काढले तरी मध्ये दहा मैल उरतात. मग भारताने १९५६ मध्ये सहा मैल केले, १९६७ मध्ये बारा, आणि १९७६ च्या कायद्याने दोनशे मैलांचं आर्थिक क्षेत्र आणलं. देश जागेवरच होते, त्यांच्या हद्दी समुद्रात पुढे सरकत गेल्या आणि एकमेकींना जाऊन टेकल्या. शाळेतला नकाशा मात्र अजून किनाऱ्यालाच थांबतो. निळ्या रंगावर एकही रेघ नसते, मग मुलांनी आणि शिक्षकांनी तिथे सीमा आहे असं समजायचं तरी कशावरून? माझ्या मते खरी चूक त्या निळ्या कोऱ्या रंगाची आहे. एनसीईआरटीच्या नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात मात्र बरीच वर्षं श्रीलंका आणि मालदीव यांना समुद्रापलीकडचे दक्षिणेचे शेजारी असंच म्हटलं आहे. बाईंना तेवढं एक पान दाखवलं तरी चालेल.

सरकारला जेव्हा फक्त जमिनीवरचे शेजारी म्हणायचे असतात, तेव्हा ते तसं लिहितं. २०२० मध्ये परकीय गुंतवणुकीचे आणि सरकारी खरेदीचे नियम कडक केले, तेव्हा शब्द वापरले ‘भारताशी भूसीमा असलेले देश’. ‘शेजारी देश’ एवढंच लिहिलं असतं तर श्रीलंका आणि मालदीवही त्यात अडकले असते. परीक्षेच्या प्रश्नातही हीच काळजी घ्यायला हवी. ‘भूसीमा लागून असलेले देश’ असं विचारलं तर श्रीलंका चूक. ‘शेजारी देश’ विचारलं तर बरोबर. प्रश्नाचे शब्द मोघम असतील तर त्याचा फटका मुलीला का?

आता जमिनीची बाजूही पाहा. जमीन लागते म्हणजे शेजार घट्ट, असंही नसतं. आपल्या यादीत अफगाणिस्तान आहे, १०६ किलोमीटरच्या सीमेसह. ती सीमा पाकव्याप्त भागात आहे. देश स्वतंत्र झाल्यापासून तिथे आपलं नाकं नाही, रस्ता नाही. तरीही नाव यादीत आहे, आणि असायलाच हवं, कारण तो हक्काचा प्रश्न आहे. फ्रान्सची सगळ्यात लांब भूसीमा कोणाशी? ब्राझीलशी. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग आहे, त्यामुळे ७३० किलोमीटरची सीमा लागते. आणि जपानला भूसीमाच नाही. म्हणून जपानला शेजारी नाहीत असं कोणी म्हणेल का? रशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन बेटं आहेत, एक याचं आणि एक त्याचं, मध्ये चार-एक किलोमीटर पाणी.

आपल्या गोव्यात हे समजवायला तर तेरेखोल आहे. कधी मुलीला घेऊन केरीला जा. केरीच्या धक्क्यावर फेरीबोट लागते. दुचाकी चढवा, दोर सुटला की काही मिनिटांत पलीकडे. उतरलात की तेरेखोल गाव, वर किल्ला. गाव गोव्याचं, तालुका पेडणे. पण त्या गावाची जमीन लागते ती महाराष्ट्राला. पायी निघालात तर रेडीकडे पोचाल, सिंधुदुर्गात. आणि स्वतःचा तालुका नदीपलीकडे. आता तेरेखोलच्या माणसाला विचारा, केरी तुझा शेजारी की नाही? नदी मध्ये आहे म्हणून तो नाही म्हणेल का? दिवाडीला राहणारी माणसं जुन्या गोव्याला, रायबंदरला, नार्व्याला फेरीनेच जातात. पाणी मध्ये असणं आणि दूर असणं हे आपण गोवेकरांनी एक समजणं बरं नव्हे. आपल्याला ते शोभत नाही.

शेजारी म्हटला की भांडणही आलं. भांडण कोणाशी होतं त्यावरूनही शेजारी ओळखता येतो. मालीमच्या किंवा कुटबणच्या धक्क्यावर कोणत्याही तांडेलाला विचारा. बारा मैलांपर्यंत मासेमारीचे नियम राज्याचे. गोव्याचा ट्रॉलर मालवणच्या पाण्यात गेला की तिकडे पकडतात, कर्नाटकातल्या मलपेचे ट्रॉलर दक्षिण गोव्यासमोर आले की इथे आरडाओरडा होतो. पाण्यावर ना दगड, ना खुंटी, तरी प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक असते.

देशांचं तेच, फक्त परिणाम कितीतरी कडक. सर क्रीक ही कच्छमधली ९६ किलोमीटरची खाडी. रेघ मधून जायची की एका काठावरून, यावर भारत-पाकिस्तानचं अजून जमलेलं नाही. तिथे जमलं नाही म्हणून पुढे समुद्रातली रेघही आखलेली नाही. आणि म्हणून गुजरातचे आणि कराचीचे मच्छीमार एकमेकांच्या तुरुंगांत महिने-वर्षं काढतात. ज्याने जाळं टाकलं त्याला रेघ दिसत नाही, पकडणाऱ्याला दिसते. मला या माणसांचं फार वाटतं.

बांगलादेशाशी मात्र निकाल लागला. हेगच्या लवादाने ७ जुलै २०१४ ला सीमा ठरवून दिली. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले, आणि दोन्ही देशांनी ते मानलं. मोठा देश हरला तरी मानतो, ही मला आपल्या देशाबद्दल अभिमानाची गोष्ट वाटते. त्या निकालात एक विलक्षण तुकडा आहे. तिथे समुद्राचा तळ बांगलादेशाचा आणि त्यावरचं पाणी भारताचं. तळाखालचं तेल-वायू त्यांचं, वर पोहणारा मासा आपला. एकाच घरात तळमजल्यावर एक कुटुंब आणि माडीवर दुसरं. याहून जवळचा शेजार जमिनीवर तरी कुठे सापडेल?

आणि शेजाऱ्याच्या घरची आग. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोच्या बाहेर एक्स-प्रेस पर्ल नावाचं कंटेनर जहाज पेटलं. त्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होतं. आधी कतारच्या हमाद बंदरात आणि मग आपल्या हझिरा बंदरात तो उतरवून घेण्याची विनंती झाली होती, पण तो उतरला नाही. जहाज तसंच पुढे गेलं आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या बारीक दाण्यांचा थर साचला. आग विझवायला आपल्या तटरक्षक दलाची जहाजं गेली, हे चांगलं झालं. पण तो कंटेनर हझिऱ्याला उतरला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जहाजावर काम केलेल्या माणसाला असा गळका कंटेनर म्हणजे काय ते ठाऊक असतं. कळंगुट-कोलव्याला पावसाळ्याच्या तोंडावर वाळूत डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटतात, रॉकेलने पुसावे लागतात. तेही दूर समुद्रात कोणी टाकी धुतली किंवा तेल सांडलं त्याचंच फळ. पाण्याने सगळं घरी येतं.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. आपल्यापैकी पुष्कळांचं अर्धं घर आखातात आहे. कुवेत, मस्कत, दुबई. मनाने ते भूतानपेक्षा हजारपट जवळ. गोव्याची आर्थिक नाकेबंदी १९५५ मध्ये झाली तेव्हाचं आई सांगायची, रस्त्याने काही येत नव्हतं आणि बाजारात बोटीने आलेले हॉलंडचे बटाटे मिळायचे. तेव्हा गोव्याहून विमान कराचीला जायचं. जमिनीवरचं दार बंद, समुद्राचं उघडं. अशी नाती खरी असतात, पण ती सोयरिकीची. सोयरा वेगळा, शेजारी वेगळा. सोयरा आपण जोडतो, शेजारी जागेमुळे मिळतो. ओमान हा भारताचा जुना सोयरा आहे. त्याचा सागरी शेजारी पाकिस्तान आहे, त्यांची आपसातली सीमा २००० साली ठरली. नौदलाची गोव्यात २०१७ पासून एक परिषद भरते, तिला मॉरिशस आणि सेशेल्सचे लोकही येतात. त्यांनाही भाषणांत सागरी शेजारी म्हणतात. ते सहकार्याच्या अर्थाने आहे, मुलीने परीक्षेत लिहू नये.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. बाईंशी वाद घालायला जाऊ नका, त्यांनाही कोणीतरी असंच शिकवलेलं असतं. नववीचं पुस्तक घेऊन जा, शांतपणे दाखवा आणि गुण द्यायची विनंती करा. घरी ॲटलास उघडून मुलीला एक दोरा द्या, मिनिकॉय ते मालदीव आणि मिनिकॉय ते कोची तिला स्वतः मोजू द्या. आणि सहामाहीत हाच प्रश्न पुन्हा आला तर तिने असं लिहावं: ‘भारताच्या भूसीमेला पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि म्यानमार हे देश लागतात. भारताच्या सागरी सीमेला पाकिस्तान, मालदीव, श्रीलंका, इंडोनेशिया, थायलंड, म्यानमार आणि बांगलादेश हे देश लागतात.’ वेळ उरला तर बाजूला छोटा नकाशा काढून निकोबारचा ठिपका न विसरता दाखवावा.